प्लायवूडची सुझू

आमच्या गावात खऱ्या मुलांपेक्षा प्लायवूडची मुलं जास्त आहेत. हे वाक्य मी निबंधात लिहिलं तेव्हा बाईंनी समासात लाल शाईनं ‘कशावरून?’ असं विचारलं, म्हणून एका रविवारी सायकल काढून मी सगळी मोजून आले. प्राथमिक शाळेतली खरी मुलं अठ्ठ्याण्णव. प्लायवूडची एकशे बारा. बाईंनी मुकाट्यानं बरोबरचं वर्तुळ काढलं.

ही मुलं प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उभी असतात. म्हणजे उभी नसतात, धावत असतात. एक पाय हवेत, तोंड उघडं, केस मागे. लांबून येणाऱ्या गाडीवाल्याला वाटावं, आलं पोरगं आडवं, आणि त्यानं ब्रेकवर पाय द्यावा, एवढंच त्यांचं काम. उन्हापावसानं त्यांचे चेहरे उडतात. डाकघराजवळच्या मुलाला आता नाकच नाही, देवळाखालच्या मुलीला एकच डोळा आहे. तरी धावतात. पोचत कुठेच नाहीत. मे महिन्यात भातखाचरांत पाणी सोडतात, सगळ्या गावभर आभाळ पडलेलं असतं, आणि सकाळी तळ्यावरून धुकं आत येतं. अशा वेळी मला लहानपणी वाटायचं, आपलं लक्ष नसताना ही सगळी जणं हवेतला पाय खाली टेकून घटकाभर बसत असतील. अजूनही वाटतं, पण आता मी पंधरा वर्षांची आहे, त्यामुळे कोणाला सांगत नाही.

तर ही गोष्ट एकशे तेराव्या मुलीची. ती मी केली. बाकी जे झालं ते मी केलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात हिरोसे आजोबांच्या गुडघ्यापासून झाली. सोया सॉसवाल्यांच्या गोदामाची भिंत जिथे संपते, त्या कोपऱ्यावर आजोबा गेली अठरा वर्षं पिवळं निशाण घेऊन उभे राहायचे. कोपरा वाईट. एका अंगाला गोदामाची काळी भिंत, दुसऱ्या अंगाला खाचर, आणि हमरस्त्यावरचा सिग्नल चुकवून कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या नेमक्या मधून सुसाट. भिंतीमुळे गाडीला मूल दिसत नाही, मुलाला गाडी दिसत नाही. शाळेला तिथून पाच मुलं रांगेनं जातात आणि पाचवी माझी धाकटी बहीण सुझुना. आम्ही सुझू म्हणतो. वय सात, यंदाच पहिलीत. ती रांगेत शेवटची असते, आणि कोपरा आला की पहिली होते. सुझू चालत नाही. तिला चालता येतच नाही. कोपऱ्यावर हिरोसे आजोबांचा हात आडवा व्हायचा, त्या हातावर ती धाडकन आदळायची, आणि आजोबा म्हणायचे, “आल्या का बाईसाहेब!” अशी त्यांची रोजची भेट.

त्या आजोबांना आता गुडघा बदलायचा होता. दोन महिने हात नाही.

गल्लीची बैठक भरली. घरटी एक माणूस यायला हवं. आई दातांच्या दवाखान्यात कामाला, तिची संध्याकाळची पाळी होती. बाबांची पाठ नेमकी बैठकीच्या अर्धा तास आधी धरली. म्हणून मी गेले. आता हे सांगायला हवं की या एप्रिलपासून मला चारचौघांत बोलता येऊ लागलंय. आधीही यायचं, पण फक्त घरी.

“पालकांच्या पाळ्या लावा,” कोणीतरी म्हणालं.

“पाळ्या मोठ्या चौकासाठी असतात,” ओकुमुरा काकू म्हणाल्या. या आमच्या पालक समितीच्या सुरक्षा प्रमुख. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, लग्नाच्या फोटोतही असेल. “तुमच्या कोपऱ्यावरून पाच मुलं जातात. पाचांसाठी तक्ता बदलावा लागेल. आणि तक्ता एप्रिलमध्ये, शाळेचं वर्ष सुरू होताना बदलतो.”

“आता मे आहे.”

“तेच तर म्हणतेय.”

सगळे भाजक्या पानांचा चहा पिऊ लागले. आमच्याकडे अवघड प्रश्न आला की सगळे एकदम चहा पितात. तेवढ्यात कोणीतरी हात वर केला. बघते तर हात माझाच.

“मी प्लायवूडची मुलगी करते,” मी म्हटलं. “त्या कोपऱ्यावर एकही नाहीये. आजोबा होते म्हणून कधी लागलीच नाही.”

टाळ्या झाल्या. इतक्या पटकन झाल्या की मला संशय यायला हवा होता. घरी येईपर्यंत मी हवेत होते, आणि घरी येऊन सांगितल्यावर बाबांची पाठ बरी झाली, कारण त्यांच्याकडे लाकूड कापायचं विजेचं यंत्र होतं. सहा वर्षांपूर्वी घेतलेलं. खोकं अजून फोडलेलं नव्हतं. बाबा अधूनमधून ते खोकं पुसून ठेवायचे.

मुलगी खरी दिसावी म्हणून मी सुझूलाच फळीवर आडवं झोपवलं, धावल्यासारखं, आणि पेन्सिलनं कडेनं रेघ मारायला घेतली.

“हलू नकोस.”

“मी धावतेय ना! धावताना हलतात.”

“धावल्यासारखं कर. धावू नकोस.”

“ताई, हे खोटं बोलण्यासारखं आहे.”

सहाव्या प्रयत्नानंतर फळीवर तीन पाय आणि चार हात असलेलं काहीतरी तयार झालं. त्यातले बरोबर कोणते, त्यावर मी खुणा करून ठेवल्या. बाबांनी खुणा पाहिल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष यंत्राच्या आवाजाकडे होतं. “ऐक, कसं गुणगुणतंय!” असं म्हणत त्यांनी चुकीच्या रेघेवरून उजवा हात कापला. तो डाव्या हाताच्या दीडपट झाला.

“जोरात हात हलवला की असाच दिसतो,” बाबा म्हणाले. बाबांना कुठल्याही चुकीचं कारण देता येतं, म्हणून ते कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी घेतात.

रंग देण्यासाठी मी ती अंगणात उभी केली आणि तिथेच चुकले. आमचं अंगण रस्त्यावरून दिसतं. पहिल्या तासात तोमिए आजी आल्या. या शेजारच्या. वय शहाऐंशी, हातात सतत लोकर.

“डोळे गाडीवाल्याकडे हवेत गं. डोळ्याला डोळा भिडला की माणूस लाजतो.”

मी डावा डोळा गाडीवाल्याकडे केला. मग ओकुमुरा काकू आल्या.

“अशी रोखून बघणारी मुलगी? नवीन गाडी शिकणारी बायका-माणसं घाबरतील! पुढे बघू दे तिला, शाळेकडे.”

मी उजवा डोळा शाळेकडे केला. मोठ्यांचा मान राखायचा म्हणजे असं होतं. लांबून बघितलं की मात्र ती स्वप्नात धावणाऱ्या माणसासारखी दिसायची. कुठेच बघत नव्हती आणि सगळीकडे बघत होती. गाल सुझूचे, कपाळावर कापलेले केस सुझूचे, पुढचा पडलेला दातसुद्धा मी रंगवला. अंगात निळा सदरा, डोक्यावर पहिलीतल्या मुलांची पिवळी टोपी. सुझू तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “ही माझ्यापेक्षा जोरात पळते का?”

“ही जागेवरच पळते.”

“मग मी जिंकले.”

आता बसवायची. मला वाटलं खड्डा खणायचा आणि बसवायची. सायकलवर नगरपालिकेत गेले, रस्ते विभागात. तिथे निशिबे साहेब नावाचे एक तरुण गृहस्थ आहेत. ते इतके नम्र आहेत की त्यांनी नकार दिला तरी आपणच आभार मानतो. त्यांनी नकाशा पसरला.

“गटाराच्या कडेला ही चाळीस सेंटीमीटरची पट्टी आहे बघा. यातली वीस आमची. वीस खाचरांच्या पाणीवाटप मंडळाची.”

“म्हणजे एक पाय तुमचा, एक पाय त्यांचा.”

“असंच म्हणता येईल. पण हवेतला पाय?” त्यांनी माझ्या चित्रावर पट्टी ठेवली. “हा रस्त्यावर अकरा सेंटीमीटर येतो. रस्त्यावर येणारी वस्तू आम्हाला बसवू देता येत नाही.”

“पण ती रस्त्यावर येणारीच मुलगी आहे!”

“हो ना,” निशिबे साहेब कळवळून म्हणाले. “तीच अडचण आहे.”

मग त्यांनी सुचवलं की तिला उलटं तोंड करून लावली तर पाय खाचरावर जाईल आणि खाचराला वाहतुकीचा नियम नाही. मी आभार मानले. शनिवारी आम्ही तिला तशी बसवली. सोमवारी सकाळी धुक्यातून पार्सलची गाडी आली, चालकाला दिसलं की एक लहान मुलगी पाण्यानं भरलेल्या खाचरात पळत चालली आहे, आणि तो भला माणूस गाडी टाकून, “अगं थांब! थांब!” ओरडत तिच्यामागे खाचरात उतरला. गुडघाभर. नुकतीच लावलेली अकरा रोपं गेली. हा आकडा पाणीवाटप मंडळानं कळवला. मी चालकाची क्षमा मागितली, मंडळाची मागितली आणि आईच्या सांगण्यावरून रोपांचीही मागितली. संध्याकाळी वाकून, एकेक करून. माझ्या शाळेच्या बँडमधली दोन मुलं नेमकी तेव्हाच सायकलवरून गेली.

निशिबे साहेबांनी स्वतः येऊन खांब अकरा सेंटीमीटर मागे घ्यायला परवानगी दिली, आणि मुलगी सरळ झाली. हिरोसे आजोबा त्याच दिवशी दवाखान्यात दाखल झाले.

पहिला आठवडा वाईट गेला. गाड्या थांबेनात. का थांबतील? एकशे बारांची सवय झालेल्यांना एकशे तेरावी काय दिसणार. सुझू कोपऱ्यावरून बाणासारखी सुटायची. रांगेची पुढारी सहावीतली मुलगी, ती ओरडायची, पण तिलाही मागे चार जणं सांभाळायची असतात. मी सकाळी सातला बँडच्या सरावाला जाते, ट्रॉम्बोन वाजवते, आणि त्या आठवड्यात बरोबर सात चाळीसला माझा सूर दररोज चुकायचा. सरांनी विचारलं, “चिगुसा, सात चाळीसला तुला काय होतं?” त्या वेळी मला तो कोपरा दिसायचा. नुसता कोपरा, धुकं, आणि आडवा न झालेला हात.

मग पाऊस झाला आणि गार पडलं. तोमिए आजींना रात्रभर झोप आली नाही. कारण काय, तर बिचारी पोर उघड्यावर निळ्या सदऱ्यात उभी. पहाटे उठून त्यांनी तिच्या गळ्यात स्वतः विणलेलं लोकरीचं लाळेरं बांधलं. घरात लोकर लाल होती, म्हणून लाल.

आमच्याकडे रस्त्याच्या कडेला गळ्यात लाल लाळेरं बांधलेला एकच जण असतो. दगडी जिझो. मेलेल्या लहान मुलांना सांभाळणारा देव. हे आमच्या गावात दुधपित्या मुलालाही माहीत आहे. तोमिए आजींना शहाऐंशी वर्षं माहीत होतं. पण त्यांना थंडी दिसली, बाकी काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या पायाशी एक मोठं पिवळं संत्रं होतं. तिसऱ्या दिवशी फुलं, कॅरॅमलची पुडी आणि कागदी भिरभिरं. चौथ्या दिवशी गाड्या थांबायला लागल्या.

हे खोटं वाटेल, पण मी सराव बुडवून झाडामागे उभी राहून पाहिलं. गोदामाच्या भिंतीआडून गाडी यायची, धुक्यात लाल रंग दिसायचा, आणि गाडीचा जीवच जायचा. हळू, हळू, मग उभी. काच खाली. आतला माणूस हात जोडायचा, डोळे मिटायचा. पाण्यातल्या आभाळावर भिरभिऱ्याची सावली फिरायची. मग गाडी इतक्या हळू निघायची, जशी कोणाच्या झोपेतून चाललीय. एकामागून एक. कारखान्याची पहिली पाळी त्या आठवड्यात रोज उशिरा सुरू झाली म्हणतात. मला इतकं छान वाटलं की काय सांगू! मी केलेली मुलगी! त्यांच्या मनात काय आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, माझ्या कलेला नमस्कार चाललाय.

सुझूला मात्र सगळं सरळ वाटत होतं. चेहरा तिचा, म्हणजे कॅरॅमल तिचं. तिच्या दप्तरात आईला चौदा कागद सापडले.

“कुठून आणलंस?”

“मला लोक देतात. ताईनं मला तिथे लावलंय ना, तिथे.”

मग चालू झाल्या गमती. भाजीच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ सुझूला पाहून टोफूचा डबा टाकून बसले. ग्रंथालयातल्या बाईंनी तिला पुस्तक देताना तिचा हात दोनदा दाबून पाहिला. ओकुमुरा काकूंना शेजारच्या गावातून फोन आला की तुमच्या कोपऱ्यावर गेलेल्या मुलीच्या आईवडिलांना आमच्या गल्लीकडून काही पाठवायचं आहे. आणि निशिबे साहेब थेट आमच्या दारात आले, काळा टाय लावून.

“आमच्या अपघात नकाशावर तिथे काहीच नोंद नाही,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आमची चूक असली पाहिजे. घटना नेमकी कधीची?”

दार सुझूनं उघडलं होतं. तिनं विचारलं, “कसली घटना?” निशिबे साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पडलेल्या दाताकडे पाहिलं, आणि ते उंबऱ्यावरच खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं. तेव्हा मला कळलं की नमस्कार कशाला होता.

मी तशीच दवाखान्यात गेले हिरोसे आजोबांकडे. म्हटलं, हे शहाणे आहेत, काहीतरी सांगतील. आजोबा पाय वर टांगून पडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“संत्रं ठेवतात?” ते म्हणाले.

“हो.”

“अठरा वर्षं उभा होतो मी तिथे. कोणी साधी सुपारीएवढी तांदळाची गोड मोची ठेवली नाही माझ्यापुढे.”

“आजोबा, ते तिला मेलेली समजतात!”

“मग मी काय मरायला हवं होतं का?” आणि रुसून त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, पण पाय टांगलेला होता. परिचारिकेनं मला बाहेर काढलं.

गल्लीची पुन्हा बैठक. या वेळी घरटी एक नाही, घरटी तीन-तीन आले. बाबा आले, मी आले, आणि दातांच्या दवाखान्यातून थेट आईही आली, मास्क गळ्यात तसाच.

ओकुमुरा काकू उभ्या राहिल्या. “मी सरळ बोलते. दहा दिवसांत त्या कोपऱ्यावर एकही गाडी जोरात गेलेली नाही. एकही! मी मोठ्या चौकात शिट्टी फुंकून फुंकून बहिरी झाले, तिथे हे जमलं नाही. लाळेरं राहू द्या. लोकांना काय वाटायचं ते वाटू द्या. आपण कुठे सांगितलंय कोणी गेलं म्हणून?”

“मी काढते हवं तर,” तोमिए आजी रडवेल्या होऊन म्हणाल्या. “पण पोरीला गारठा...”

“आजी, ती प्लायवूडची आहे.”

“मला माहितीय गं. शहाऐंशी वर्षांची आहे, खुळी नाही.”

बहुतेक माना काकूंच्या बाजूनं हलत होत्या. मलाही खरं सांगायचं तर तेच वाटत होतं. गाड्या थांबतायत ना? सुझू सुटली तरी गाडी उभी असते ना? मग झालं. मी तसं बोलायला हात वर करणार, एवढ्यात आई उभी राहिली. आमची आई बैठकीत कधी बोलत नाही. दवाखान्यातसुद्धा ती फक्त ‘आ करा’ म्हणते.

“आज सकाळी मी तिथून आले,” आई म्हणाली. “एक बाई होती. अनोळखी. गुडघे टेकून बसली होती माझ्या मुलीच्या चेहऱ्यापुढे. रडत होती. मला म्हणाली, तुमची होती का? मी ‘नाही’ म्हटलं. माझीच मुलगी, आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं. आणि मग घरापर्यंत मी पळत आले, सुझू अंथरुणात आहे का बघायला. गाड्या थांबवा. पण माझ्या मुलीला मारून नको.”

चहा कोणी प्यायला नाही. मला खूप बोलायचं होतं आणि एप्रिलपासूनचं माझं सगळं बोलणं कुठे गेलं कोण जाणे.

घरी येऊन मी एक फळी घेतली आणि लिहायला बसले. बोलता आलं नाही की मला लिहिता येतं, हे त्या दिवशी कळलं. पहिला मसुदा दीड पानांचा झाला. त्यात समाज, जबाबदारी आणि उद्याचे नागरिक होते. बाबा म्हणाले, “हे वाचायला गाडीवाल्याला दुपारचं जेवण तिथेच करावं लागेल.” मग मी खोडत गेले. शेवटी एवढंच उरलं:

‘ही मुलगी जिवंत आहे. सकाळी सात चाळीसला इथून जाते.’

निशिबे साहेबांकडे मंजुरीला नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “रविवारी?”

“रविवारी नाही जात.”

“मग विधान अपूर्ण आहे.”

म्हणून ‘शाळेच्या दिवशी’ हे शब्द घातले. सुझूनं विचारलं की तिच्याबद्दल लिहिताय तर तिला का नाही विचारलं. विचारलं. तिच्या सांगण्यावरून खाली आणखी एक शब्द आला, मोठ्या अक्षरांत: ‘धावत.’

तोमिए आजींनी लाळेरं स्वतः सोडलं, लोकर उसवली, गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. फुलं, भिरभिरं आम्ही देवळात नेऊन दिलं. फळी मुलीच्या पायाशी ठोकली. ओकुमुरा काकू हात बांधून बघत होत्या. “बघच तू आता,” त्या म्हणाल्या. “मेलेल्याला सगळे मान देतात. जिवंताला कोण विचारतं?”

मलाही तीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना आधीच सांगून सराव बुडवला. कारण लिहिलं: ‘सात चाळीस.’ सरांनी सही केली.

मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. धुकं इतकं होतं की खाचर आणि आभाळ यांच्यातली रेघच गेली होती. प्लायवूडची मुलगी पाय हवेत ठेवून मधेच तरंगत होती. सात चाळीस झाले. रांग नाही. सात एकेचाळीस. बेडूक ओरडत होते. सात बेचाळीसला गोदामाच्या भिंतीपलीकडे पावलं ऐकू आली, चार जोड्या टप-टप, आणि एक जोडी टपटपटपटप. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं, हमरस्त्याकडून, बेडकांच्या ओरडण्यात इतका वेळ न कळलेला इंजिनाचा आवाज. छोटा मालट्रक असणार. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. पळायला पाय उचलला, आणि मधे रस्ता होता.

भिंतीच्या टोकाशी पिवळी टोपी दिसली.

आणि मालट्रक उभा होता.

तो आधीच थांबला होता. चांगला चार-पाच हात मागे, इंजिन घरघरत, मागे कोबीच्या पेट्या. चालकानं काच खाली केली. डोक्याला पंचा गुंडाळलेला, पन्नाशीचा माणूस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं फळीकडे पाहिलं, सुझूकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

“सात त्रेचाळीस झाले!” तो ओरडला. “कुठे होतीस? मी केव्हाचा थांबलोय!”

सुझू जागच्या जागी थिजली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला उशिराबद्दल रस्त्यात रागावत होतं.

“मोजा सापडत नव्हता,” ती म्हणाली.

“मग सापडला का?”

तिनं पाय उचलून दाखवला. एक मोजा पांढरा, एक फिकट हिरवा.

“बरं, बरं. जा आता. मागे दोघं थांबलेत, त्यांनाही कामं आहेत.”

खरंच त्याच्यामागे धुक्यात आणखी दोन गाड्यांचे दिवे होते. कोणी भोंगा वाजवत नव्हतं. सहावीतली पुढारी आली, तिनं हात वर केला, आणि बाकीची तिघं तिच्यामागून निघाली. सुझूनं टोपी सारखी केली, पाठीवरचं दप्तर सारखं केलं, चालकाला कमरेत वाकून नमस्कार केला. आणि इतके सगळे जण आपली वाट बघतायत म्हटल्यावर, एकेक पाऊल नीट टेकवत, लग्नातल्या नवरीसारखी, चालत रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.